मेंदूचा आलेख आणि पडताळ्याची कसोटी

चाकणच्या बाजारात कांदा घेऊन गेलेला शेतकरी काट्यासमोर उभा राहिला की पहिली गोष्ट कोणती करतो? आपली गोणी काट्यावर चढण्याआधी तो रिकाम्या काट्याकडे पाहतो. आकडा शून्यावर आहे ना? तराजूच्या काळी आपले वाडवडील आधी धडा करून घेत आणि मगच माल पारड्यात पडू देत. एवढे करूनही शंका राहिलीच, तर तीच गोणी दुसऱ्या काट्यावर ठेवून पाहायची. दोन्ही काट्यांनी ५० किलो सांगितले तर वाद मिटला. एकाने ५० आणि दुसऱ्याने ४६ सांगितले, तर कोणता काटा खोटा हे कळल्याशिवाय पट्टी करायची नाही. एवढे शहाणपण आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही असते.

आज मी आपणास अशाच एका काट्याविषयी सांगणार आहे. हा काटा कांदा तोलत नाही. माणसाच्या मनातली आठवण तोलतो, असा त्याच्याविषयी दावा करण्यात आला. ह्या काट्याची साक्ष ग्राह्य मानून आपल्याच पुण्यातल्या न्यायालयाने २००८ साली दोन तरुण माणसांना जन्मठेप सुनावली. तेव्हा काटा बरोबर होता की नाही, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांच्या चर्चेपुरता उरत नाही. तो तुमचा-आमचाही होतो.

पण आधी मेंदूचा आलेख म्हणजे काय, ते थोडक्यात समजून घेऊ.

आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींशी जो व्यवहार करतात, त्यात अतिशय सूक्ष्म अशी वीज असते. डोक्याच्या कातडीवर धातूच्या लहान लहान चकत्या लावल्या, की त्या विजेचे चढउतार यंत्राला टिपता येतात. त्यांचीच जी नागमोडी रेघ उमटते, तो मेंदूचा आलेख. दवाखान्यात त्याला ईईजी म्हणतात. फेफरे येणाऱ्या मुलाच्या तपासणीत डॉक्टर हाच आलेख काढतात, आणि तिथे त्याचा उपयोग निर्विवाद आहे.

ही वीज किती सूक्ष्म म्हणाल? बॅटरीचा एक साधा सेल दीड व्होल्टचा असतो. डोक्याच्या कातडीवर मिळणारी मेंदूची लाट साधारणपणे त्याच्या तीस हजाराव्या हिश्श्याच्या आसपास भरते. नुसती पापणी मिटली तरी यंत्रात त्याहून कितीतरी मोठी लाट उठते. दात आवळले, मान हलली, घाम आला, खोलीतल्या विजेच्या तारांचा परिणाम झाला, तरी आलेखात रेघा उमटतात. जत्रेच्या गर्दीत दूरवर कोणी कुजबुजावे आणि आपण ते ऐकण्याचा प्रयत्न करावा, तसले हे काम आहे. अशा कामात कान तीक्ष्ण हवाच. परंतु जे ऐकू आले ते खरोखर कोणी बोलले, की आपल्यालाच तसे वाटले, हे तपासण्याची सवय त्याहून अधिक हवी.

ह्या शास्त्राचा जन्मच मुळी पडताळ्यातून झाला आहे. जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर नावाचे मनोरोगतज्ज्ञ होते. त्यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूची वीज पहिल्यांदा टिपली. परंतु त्यांनी ती लगेच जगापुढे मांडली नाही. ही लाट खरेच मेंदूची आहे, की रक्ताच्या ठोक्याची किंवा यंत्राच्याच खोडीची, ह्या शंकेने ते पाच वर्षे तपासण्या करीत राहिले आणि १९२९ साली त्यांनी आपला निबंध छापला. तरीही बहुतेकांचा विश्वास बसला नाही. पुढे इंग्लंडमध्ये केंब्रिजला एड्रियन आणि मॅथ्यूज ह्या दोघांनी, काहीशा अविश्वासानेच, तोच प्रयोग स्वतः करून पाहिला. एड्रियन हे १९३२ सालचे नोबेल पारितोषिक मिळवलेले शास्त्रज्ञ. एड्रियन यांनी स्वतःच्याच डोक्याला तारा लावून घेतल्या. डोळे मिटले की सेकंदाला सुमारे दहा ठोक्यांची लाट उठे. डोळे उघडून पाहू लागले की ती विरून जाई. १९३४ साली त्यांनी हे जाहीर करून दाखविले आणि मग जगाने बर्गर यांचे म्हणणे मान्य केले.

ह्यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की बर्गर यांना मान्यता मिळाली ती ते थोर होते म्हणून नव्हे, किंवा त्यांचे यंत्र महागडे होते म्हणूनही नव्हे. परक्या देशातल्या, परक्या प्रयोगशाळेतल्या, शंका घेणाऱ्या माणसाने तोच प्रयोग केला आणि त्याला तेच दिसले, म्हणून ती मिळाली. ह्यालाच मी पडताळा म्हणतो. आजही कोणत्याही चांगल्या दवाखान्यात डोळे मिटण्या-उघडण्याचा हा खेळ बहुतेकांच्या आलेखात तसाच दिसतो.

आता पुण्याच्या खटल्याकडे वळू.

२००७ साली एका तरुणाचा विषबाधेने मृत्यू झाला. त्याच्या पूर्वीच्या वाग्दत्त वधूने प्रसादातून त्याला सोमल दिला, असा आरोप ठेवण्यात आला. ती व्यवस्थापनशास्त्राची विद्यार्थिनी होती. तिच्याबरोबर आणखी एका तरुणावरही खटला भरला गेला. दोघांचीही मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत एक चाचणी झाली. तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव 'बिऑस'. बंगळूरचे मानसशास्त्रज्ञ चंपादी रामन मुकुंदन यांनी ती विकसित केली होती. डोक्याला तिसाहून अधिक चकत्या लावायच्या, डोळे मिटून बसवायचे आणि वाक्ये ऐकवायची. ऐकणाऱ्याने काहीच उत्तर द्यायचे नाही. काही वाक्ये साधी, आकाश निळे आहे अशा तऱ्हेची. काही वाक्ये गुन्ह्याची, तीही प्रथमपुरुषी, म्हणजे मी विष विकत घेतले अशा धाटणीची. दावा असा, की ज्याने ते कृत्य स्वतः केले आहे त्याच्या मेंदूत अनुभवाची आठवण जागी होते आणि आलेखात तिची खूण उमटते. ज्याने ते नुसते ऐकले आहे, त्याच्या आलेखात ती खूण उमटत नाही.

ही खूण सापडली असे प्रयोगशाळेने सांगितले. पुण्याच्या सत्र न्यायालयाने इतर परिस्थितिजन्य पुराव्याबरोबर हा निष्कर्षही ग्राह्य धरला आणि जून २००८ मध्ये दोघांना जन्मठेप दिली. जगभर ह्या निकालाची चर्चा झाली. कारण मेंदूच्या अशा आलेखावर कोणत्या न्यायालयाने इतका भरवसा ठेवल्याचे त्यापूर्वी ऐकिवात नव्हते. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने दोघांची जामिनावर सुटका केली.

मी येथे कोणी दोषी होते की निर्दोष होते, हे सांगायला बसलेलो नाही. तो माझा अधिकार नाही. माझा प्रश्न काट्याचा आहे. ह्या काट्याचा धडा केला होता काय? दुसऱ्या काट्यावर तीच गोणी ठेवून पाहिली होती काय? त्या वेळी ह्या पद्धतीचा तपशील शास्त्रीय नियतकालिकात तज्ज्ञांच्या परीक्षणातून गेलेला नव्हता आणि दुसऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळांनी तिचा पडताळा घेतलेला नव्हता. परदेशांतल्या नामवंत मेंदूशास्त्रज्ञांनी तेव्हाच ही हरकत घेतली. आपल्याकडेही बंगळूरच्या निमहान्स ह्या राष्ट्रीय संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. नागराज यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमलेली होती. तिने २००८ सालीच अशा चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही आणि न्यायालयात त्यांचा पुरावा म्हणून वापर होऊ नये, असा अभिप्राय दिला.

हरकती कोणत्या, त्या आपण एकेक करून पाहू. त्यांतली एकही समजायला अवघड नाही.

पहिली हरकत: आलेखात लाट उठली, हे खरे धरले, तरी तिचा अर्थ एकच कशावरून? ज्याला दिवसचे दिवस त्याच गुन्ह्याविषयी विचारले गेले आहे, ज्याने वर्तमानपत्रात तेच वाचले आहे, ज्याच्या घरात रात्रंदिवस तीच चर्चा आहे, त्या निरपराध माणसाच्या मनातही ते वाक्य ऐकून खळबळ माजणारच. विस्तवाशिवाय धूर निघत नाही म्हणतात. पण विस्तव चुलीचाही असतो आणि जळालेल्या घराचाही. नुसता धूर पाहून घर पेटले असे कोणी म्हणू नये.

दुसरी हरकत: आलेख वाचणाऱ्याला आरोपी कोण हे आधीच माहीत असेल तर? अशा वेळी माणूस लबाडी करतोच असे नाही; पण जे दिसावे असे वाटते ते त्याला अधिक लवकर दिसते. म्हणून आलेख कोणाचा आहे हे वाचणाऱ्याला कळता कामा नये. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकतात, ते ह्याच कारणाने.

तिसरी हरकत गणिताची आहे आणि शिक्षकमित्रांनी ती फळ्यावर मांडून दाखवावी. समजा, एखादी चाचणी शंभरात नव्वद वेळा बरोबर येते. ऐकायला उत्तम वाटते. आता गावात १०० माणसे आहेत आणि चोर एकच आहे. सर्वांची चाचणी घेतली. चोर बहुधा सापडेल. परंतु ९९ निरपराध माणसांतही दहाव्या हिश्श्याला चाचणी चुकणार, म्हणजे सुमारे १० माणसे उगाच अडकणार. बोट रोखले गेले ते ११ जणांवर आणि त्यांत खरा चोर एक! नव्वद टक्के खऱ्या काट्याने अकरांपैकी दहांवर अन्याय केला. आकडा खोटा नव्हता. आपण त्याचा अर्थ चुकीचा लावला.

आणि चौथी हरकत अशी, की चाचणी फसवताही येते. मेंदूच्या आलेखावर आधारलेल्या ह्याच जातीच्या दुसऱ्या एका चाचणीचा रोझेनफेल्ड ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. साध्या वाक्यांच्या किंवा शब्दांच्या वेळी बसल्याजागी गुपचूप पायाचे बोट हलविण्यासारख्या युक्त्या शिकविल्या, की ती चाचणी पुष्कळदा हुकते, असे त्यांनी २००४ साली दाखवून दिले. म्हणजे बनेल माणूस सुटण्याची आणि भोळा अडकण्याची भीती.

आपण म्हणाल, ही एका चाचणीची गोष्ट झाली. मोठमोठ्या विद्यापीठांत तर असे होत नसेल? श्रोते हो, तिथेही होते. फरक एवढाच, की तिथल्याच काही माणसांनी ते स्वतः चव्हाट्यावर आणले.

२००९ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एक गमतीचा प्रयोग जाहीर केला. मेंदूतला रक्तप्रवाह दाखविणाऱ्या मोठ्या चुंबकीय यंत्रात त्यांनी एक मासा ठेवला. मासा बाजारातून आणलेला, म्हणजे अर्थातच मेलेला. त्याला माणसांची चित्रे दाखविली आणि ह्या माणसांच्या मनात काय चालले असेल असा प्रश्नही विधिपूर्वक विचारला! यंत्राच्या चित्रात त्या मेलेल्या माशाच्या मेंदूत एक ठिपका उजळला. हे कसे झाले? यंत्र मेंदूचे हजारो बारीक तुकडे पाडून प्रत्येकाची वेगळी तपासणी करते. हजारो वेळा नाणेफेक केली तर कोठेतरी ओळीने दहा छापे पडणारच. त्यात चमत्कार नाही. फक्त आपण किती वेळा नाणे फेकले हे सांगायला विसरलो. त्या संशोधकांना हेच दाखवायचे होते, की योग्य गणिती सुधारणा न करता काढलेल्या चित्रांत मेलेला मासाही विचार करताना दिसतो.

२०२० साली ह्याहून मोठी परीक्षा झाली. १०८ माणसांच्या मेंदूची एकच माहिती जगातल्या ७० गटांना दिली गेली आणि तेच नऊ प्रश्न विचारले गेले. कोणत्याही दोन गटांनी हिशेब अगदी सारख्या रीतीने केला नाही आणि कित्येक प्रश्नांवर उत्तरे वेगवेगळी आली. गोणी एकच, पण सत्तर काट्यांवर वजने निरनिराळी. शास्त्रज्ञांनी हे लपविले नाही, छापले. मला तर ही त्या शास्त्राची लाज वाटत नाही, अब्रू वाटते.

मग उपाय काय? तो शोधायला फार दूर जायला नको. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आपल्या कारखान्यांत तो रोज चालतो.

मध्यंतरी चाकणजवळच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात माझा एक जुना विद्यार्थी मला घेऊन गेला. तो तपासणी विभागात काम करतो. मी विचारले, "अरे, हा दांडा बरोबर मापाचा आहे हे तुम्हांला कसे कळते?" तो म्हणाला, "सर, दांड्याचे पुढचे पुढे. आम्ही आधी मोजणाऱ्याला मोजतो." मग त्याने मला रीत दाखविली. दहा दांडे घ्यायचे. तीन तपासनीस घ्यायचे. प्रत्येकाने प्रत्येक दांडा दोनदा-तीनदा मोजायचा. पण कोणता दांडा हाती आला आहे हे त्याला सांगायचे नाही आणि आधीचा आकडाही दाखवायचा नाही. मग हिशेब करायचा. एकाच माणसाचे आकडे आपापसांत जुळतात का? तिघांचे आकडे एकमेकांशी जुळतात का? मोजण्यातलाच फरक एकूण फरकाच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर मोजमापाची पद्धत उत्तम. ३० टक्क्यांच्या वर गेला तर ती पद्धत बाद. मग दांडा चांगला की वाईट, हे त्या मापाने ठरवायचेच नाही. वाहनांच्या धंद्यात हा नियम सर्वत्र रूढ आहे.

मी परतताना मनाशी म्हटले, गाडीच्या एका दांड्यासाठी आपण एवढी खात्री करून घेतो. आणि माणसाच्या आयुष्याची वीस वर्षे ज्या मापावर तोलायची, त्या मापासाठी हा प्रश्न विचारायला नको?

मेंदूशास्त्रज्ञ आता नेमके हेच करू लागले आहेत. आपण काय शोधणार आणि हिशेब कसा करणार, हे प्रयोगाआधीच लिहून जाहीर ठेवायचे, म्हणजे बाण मारल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढता येत नाही. दहा-वीस माणसांवर भागवायचे नाही. काही प्रश्नांना तर हजारो माणसांची माहिती लागते, असे २०२२ साली एका मोठ्या अभ्यासाने दाखविले. कच्ची माहिती आणि हिशेबाची रीत दोन्ही इतरांना खुली करायची. ती माहिती ठेवण्याची सर्वांची एकच पद्धत असावी, म्हणून २०१६ साली एक समान आराखडाही ठरविण्यात आला. २०२१ साली तर अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून मेंदूच्या आलेखावरचे वीसहून अधिक गाजलेले जुने प्रयोग पुन्हा करून पाहण्याचे काम जाहीर केले. त्यांतले काही टिकतील, काही टिकणार नाहीत. जे टिकतील त्यांवर मग आपण निर्धास्तपणे पाय ठेवू शकू.

कायद्याचेही सांगून टाकतो, कारण ते प्रत्येकाला ठाऊक असलेले बरे. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य ह्या खटल्यात निकाल दिला. गुंगीचे औषध देऊन घेतलेली जबानी, खोटे पकडण्याचे यंत्र आणि मेंदूचा आलेख, ह्या तिन्ही चाचण्या कोणावरही त्याच्या संमतीविना करता येणार नाहीत. तसे करणे हा संविधानाने दिलेल्या हक्कांचा भंग आहे. संमती द्यायची तर ती वकिलाच्या सल्ल्याने आणि न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवून. आणि संमतीने झालेल्या चाचणीचा निष्कर्षही नुसता स्वतःच्या बळावर पुरावा ठरत नाही. त्यातून पुढे काही वस्तू किंवा माहिती खरोखर हाती लागली, तर तिचा विचार होऊ शकतो. असे असले तरी ह्या चाचण्या बंद झालेल्या नाहीत. २०२० सालच्या हाथरस प्रकरणातही गांधीनगरला आरोपींची अशी चाचणी घेण्यात आली. म्हणून आपल्या ओळखीच्या कोणावर असा प्रसंग आला, तर त्याला एवढे नक्की सांगा: सही करण्याआधी वकिलाला भेट. नकार देणे हा गुन्ह्याचा कबुलीजबाब नव्हे. तो तुझा हक्क आहे.

आता दोन शब्द शिक्षकमित्रांसाठी. मुलांचा मेंदू जागृत करून देतो, डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवतो, असे सांगणारे वर्ग गावोगाव निघाले होते आणि त्यांनी पालकांकडून हजारो रुपये घेतले. अशा वेळी आपण रागावण्याचे कारण नाही. एवढेच म्हणावे: पट्टी आम्ही आणतो, नाकाजवळची फट आम्ही बुजवतो, पुस्तक आमचे आणि मग मुलाने वाचून दाखवावे. काटा खरा असेल तर मालकाला धडा करायला भीती वाटत नाही.

आणि वर्गात एक बिनखर्चाचा प्रयोग करून पाहा. एका मुलाची नाडी पाच मुलांना आळीपाळीने एकेक मिनिट मोजायला सांगा. पहिल्या खेपेस प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने सांगायचा. दुसऱ्या खेपेस आकडा चिठ्ठीवर लिहून, घडी घालून टेबलावर ठेवायचा. दोन्ही खेपांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. कोणत्या खेपेस आकडे एकमेकांच्या अधिक जवळ आले, आणि का, हे मुलांनाच विचारा. पहिल्याचा आकडा ऐकून पुढच्यांचे मोजणे कसे वाकते, हे त्यांना आपोआप कळेल. त्या एका तासात मुले जे शिकतील, ते पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत आणि कोणत्याही न्यायालयात त्यांच्या उपयोगी पडेल.

श्रोते हो, मेंदूचा आलेख खोटा नाही. बर्गर यांची ती लाट डोळे मिटताच आजही उठते. खोटी ठरते ती आपली घाई. यंत्र आले, तारा आल्या, पडद्यावर रंगीत चित्र आले, की आपण धडा करायचे विसरतो. तेवढे विसरू नये. पुढच्या वेळी कोणी तुम्हांला सांगितले, की यंत्राने अमुक सिद्ध केले, तर चाकणच्या काट्यासमोर उभे असल्यासारखे शांतपणे विचारा: शून्य पाहिले का? आणि तीच गोणी दुसऱ्या काट्यावर चढविली होती का?